पायली, शेर आणि किलो : धान्याच्या मापाचा आणि वजनाचा हिशोब

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



महोत्सवी व्याख्यानमालेत भाषा, संस्कृती, राष्ट्र असे भारदस्त विषय आपण ऐकले. आज मी आपल्याला स्वयंपाकघरात नेणार आहे. शाळा सोडल्यावर मी अन्नविज्ञान शिकले आणि पुढे तेच शिकवले. त्या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न जीवनसत्त्वांचा नव्हता, तो असा होता : "आजीच्या वहीत पायली आणि चिपटे लिहिले आहे, त्याचे किलो किती?" हैदराबादेत वाढलेल्या मराठी घरांत हा प्रश्न अधिक तीव्रतेने येतो. गावाकडून वही आली. पण वहीतले माप गावीच राहिले. शब्द वाचता येतात, त्यांचा आकार डोळ्यांसमोर येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. का देता येत नाही, हे समजून घेणे हाच आजचा विषय आहे. मापाने जागा मोजली जाते, वजनाने वस्तू मोजली जाते. या दोहोंना जोडणारा गुणक प्रत्येक धान्याचा वेगळा असतो, आणि तो माहीत नसला की पदार्थ बिघडतो, कधी कधी कोणाचा तरी घासही कमी होतो.

प्रथम आपली जुनी कोष्टके पाहू. आपल्यापैकी ज्येष्ठांनी ती पाठ केली असतील. घाटावरच्या प्रचलित कोष्टकानुसार दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. पुढे बारा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. निळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक पायरीवर माप दुप्पट होते. सहा वेळा दुप्पट केले की एका पायलीत चौसष्ट निळवी बसतात.

आता आपल्या शेजारच्या तेलुगू घरातले कोष्टक ऐका. दोन गिद्दांचा अर्धा सोला, दोन अर्ध्या सोलांचा एक सोला, दोन सोलांचा एक तव्वा, दोन तव्वांची एक मानिका, दोन मानिकांचा एक अड्डा आणि दोन अड्डांचा एक कुंचम. येथेही सहा पायऱ्या आणि कुंचमात चौसष्ट गिद्दा. आपल्या शेराच्या जागी त्यांची मानिका, पायलीच्या जागी कुंचम. नावे निराळी, घडण एकच. याचे कारण व्यवहारात आहे. धान्याच्या ढिगाचे दोन सारखे भाग नजरेने करता येतात, दहा भाग करता येत नाहीत. अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे ही गणिते निरक्षर माणसालाही हाताने करता येत होती. म्हणून दशमान येण्यापूर्वी बाजाराचा व्यवहार या दुपटी-निमपटीवर उभा होता.

ही मापे आपल्या भाषेत किती खोल रुजली आहेत, ते सांगायला नको. शेरास सव्वाशेर भेटतो. एखाद्या गोष्टीची खंडीभर उदाहरणे देता येतात. फार स्वस्त झालेल्या मालाला आपण 'पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा' म्हणतो. अधोली ही पायलीच्या निम्मी, तरी तिचे सोळा! या म्हणीतली गंमत कोष्टक ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. नववधू उंबरठ्यावरचे तांदळाने भरलेले माप ओलांडून घरात येते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत होती. धान्य मोजणे ही आपल्याकडे नुसती मोजणी नव्हती, तिला मंगलतेचा आणि विश्वासाचा स्पर्श होता.

मात्र या कोष्टकात एक मोठी अडचण होती. शेर हे मापाचेही नाव होते आणि वजनाचेही. मणाचीही तीच कथा. म्हणूनच जुन्या व्यवहारात 'कैली' आणि 'वजनी' असे दोन शब्द जोडून बोलावे लागे. कैली म्हणजे भरून मोजलेले, वजनी म्हणजे तोललेले. कैली मण आणि वजनी मण या दोन वेगळ्या गोष्टी. त्यातही पायली गावोगाव बदलत असे. एका जिल्ह्याची पायली दुसऱ्या जिल्ह्यात तेवढीच भरेल याची खात्री नसे. वजनांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याचा मण अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा होता. मद्रास इलाख्याचा मण पंचवीस पौंडांचा, म्हणजे सुमारे ११.३ किलोंचा. बंगालचा आणि रेल्वेच्या मालवाहतुकीचा मण मात्र सुमारे ३७.३ किलोंचा. एकच शब्द, आणि थोरला मण धाकट्याच्या तिपटीहून अधिक! आजीच्या वहीतील 'मण' वाचताना ती वही कोणत्या गावची आणि माप कैली की वजनी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ते यामुळे.

स्वतंत्र भारताने हा गोंधळ संपवण्याचे ठरवले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वजने आणि मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली झाला. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यवहारात ती देशभर सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७.३२ किलो, अशी रूपांतराची कोष्टके त्या काळी तयार झाली. आपली शाळा उभी राहिली तो काळ आणि बाजारातून शेर निघून जाण्याचा काळ एकमेकांना लागून आहेत. या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी घरी शेर ऐकत होते आणि वर्गात किलो शिकत होते.

वजनी शेराचे किलोत रूपांतर सोपे आहे, कारण वजनाचे वजनच होते. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम. नवटाक म्हणजे सुमारे ११७ ग्रॅम. छटाक म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. घरच्या व्यवहारात पावशेराचा पाव किलो केला तर सातएक टक्के वाढ होते. कृतीतील सगळेच जिन्नस तसे बदलले तर काहीच बिघडत नाही. खरी अडचण कैली मापाची आहे. तेथे आपल्याला पदार्थविज्ञानाकडे वळावे लागते.

सातवी-आठवीच्या वर्गात आपण एक व्याख्या पाठ केली होती : घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. लोखंड, पारा, लाकूड अशी उदाहरणे पुस्तकात होती. तांदूळ बहुधा नव्हता. परंतु घनतेचा रोजचा अनुभव देणारी वस्तू आपल्या घरात तांदळाचा डबा हीच आहे. त्यात एक बारकावा आहे. तांदळाच्या एकट्या दाण्याची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट असते. म्हणून तो पाण्यात बुडतो. पण एक लिटरचे भांडे तांदळाने भरून तोलले तर वजन दीड किलो भरत नाही, सुमारे आठशे ग्रॅम भरते. उरलेली जागा कोणी घेतली? हवेने. दाण्यादाण्यांच्या फटींत हवा असते आणि भरलेल्या मापाचा सुमारे चाळीस ते पंचेचाळीस टक्के भाग ती व्यापते. मुलांना हे पटवायचे असेल तर एक वाटी कोरडे तांदूळ काठोकाठ भरा आणि दुसऱ्या वाटीतले पाणी हळूहळू त्यात ओता. भरलेल्या वाटीत जवळजवळ अर्धी वाटी पाणी मावते. कैली मापात आपण धान्य आणि हवा एकत्र विकत घेत होतो, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे.

दाण्याचा आकार, सालीचा खरखरीतपणा, ओलावा, भरण्याची रीत यांवर हवेचे प्रमाण ठरते. म्हणूनच प्रत्येक धान्याचा गुणक निराळा. सपाट भरलेल्या एक लिटर मापात काय किती बसते, याचे अदमासे आकडे सांगतो ते कोष्टक असे :

तांदूळ : ८०० ग्रॅम
गहू : ७८० ग्रॅम
ज्वारी : ७५० ग्रॅम
तूरडाळ : ८२० ग्रॅम
रवा : ७२० ग्रॅम
साखर : ८५० ग्रॅम
साळ, म्हणजे न सडलेले भात : ५५० ते ६०० ग्रॅम
कणीक, हलक्या हाताने भरलेली : ५२० ग्रॅम
जाडे पोहे : ३०० ते ४०० ग्रॅम
चुरमुरे : ८० ग्रॅम

धान्याच्या जातीनुसार यात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल. पण जड आणि हलक्या जिन्नसांतला ढोबळ क्रम बदलणार नाही. एकाच मापात चुरमुऱ्यांच्या दहापट वजनाचे तांदूळ बसतात. 'एका मापाचे किती ग्रॅम?' या प्रश्नाला 'कशाचे?' हा प्रतिप्रश्न का करावा लागतो, ते या कोष्टकावरून स्पष्ट होईल.

आता ही आकडेमोड आपल्या चुलीपर्यंत नेऊ.

पहिले उदाहरण भाताचे. 'तांदळाच्या दुप्पट पाणी' हा नियम आपण सगळे ऐकत आलो. हा नियम मापाचा आहे : एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. लग्नाकार्याच्या स्वयंपाकात तांदूळ किलोने मोजला जातो. एक किलो तांदळाचे माप होते सव्वा लिटर. त्याच्या दुप्पट पाणी म्हणजे अडीच लिटर. कोणी नियम तसाच उचलून एक किलोला दोन लिटर पाणी घातले, तर पाण्याचा पाचवा हिस्सा कमी पडला. भात कणीदार राहिला की दोष तांदळाला दिला जातो. वास्तविक मापाचा नियम वजनाला लावला गेलेला असतो. नवा तांदूळ कमी पाणी मागतो, जुना अधिक, हे खरेच. तरी तो फेरफार या अडीच लिटरांपासून करायचा असतो.

दुसरे उदाहरण शिऱ्याचे. वाटीला वाटी रवा आणि साखर घेणाऱ्या घरात वजनाने शंभर ग्रॅम रव्याला सुमारे एकशे अठरा ग्रॅम साखर पडते, कारण साखर रव्याहून जड. तीच कृती शंभर माणसांसाठी करताना पाच किलो रवा आणि पाच किलो साखर असा हिशोब केला, तर साखर जवळजवळ नऊशे ग्रॅम कमी पडते. प्रसादाचा शिरा घरच्यासारखा का होत नाही, या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच असते.

तिसरे उदाहरण गिरणीचे. एक पायली गहू दळायला दिले आणि परत आलेले पीठ त्याच पायलीने मोजले, तर ते दीड पायली भरते. वजन तेवढेच, किंबहुना किंचित कमी. वाढली ती हवा. डबा एकदा आपटला की पीठ खाली बसते आणि एक लिटर पिठाचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमने वाढते. म्हणून पिठाचे माप सर्वांत बेभरवशाचे. धान्य मापाने घेतले तरी चालेल, पीठ मात्र तोलूनच घ्यावे, असे मी विद्यार्थिनींना सांगत आले.

चौथे उदाहरण शेतकऱ्याचे. साळ सडून तांदूळ काढला की वजनाने सुमारे दोन तृतीयांश उतारा मिळतो. सरकारी खरेदीत कच्च्या तांदळाचा उतारा ६७ टक्के धरतात. पण तोच हिशोब मापाने केला तर उतारा निम्म्याच्या जवळपास येतो, कारण साळीचे टरफल जागा पुष्कळ घेते आणि वजन थोडे देते. एक लिटर साळीचे वजन पावणेसहाशे ग्रॅम धरा. त्यातून तांदूळ निघेल सुमारे तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम, आणि त्याचे माप भरेल अर्ध्या लिटरला किंचित कमी. 'निम्मा उतारा' म्हणणारा आणि 'दोन तृतीयांश उतारा' म्हणणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. भांडण होते ते एकाने मापाची भाषा आणि दुसऱ्याने वजनाची भाषा बोलल्यामुळे. एकाने साळ मापाने घेतली आणि दुसऱ्याने तांदूळ वजनाने परत दिला, म्हणजे या दोन भाषांच्या फटीत किती धान्य सांडू शकते, याचा विचार आपणच करावा.

येथे मी विषयाच्या मर्माशी येते. मापात पाप, असे आपण म्हणतो. हे पाप नेमके कोठे शिरते? मापाच्या तळाशी नव्हे, त्याच्या काठावर.

माप भरण्याच्या दोन रीती आहेत. एक सपाट, काठाबरोबर हात किंवा पट्टी फिरवून. दुसरी शीग लावून, म्हणजे काठावर धान्याचा शंकू उभा करून. शीग किती बसते? तांदळाचा ढीग साधारण तीस अंशांच्या उताराने उभा राहतो. मापाची उंची त्याच्या तोंडाच्या व्यासाएवढी असेल, तर शीग मूळ मापाच्या सुमारे दहा टक्के होते. तेवढ्याच सपाट धान्याचे पण बसके, रुंद तोंडाचे माप घेतले, ज्याची उंची व्यासाच्या निम्मी आहे, तर शीग सुमारे एकोणीस टक्के होते. म्हणजे दोन मापांत सपाट धान्य तंतोतंत सारखे बसत असले, तरी शीग लावताच रुंद तोंडाचे माप जवळजवळ दुप्पट शीग घेते. घेताना रुंद मापाने शीग लावून घ्यायचे आणि देताना उभट मापाने सपाट द्यायचे, एवढ्याने कोणत्याही मापावरचा शिक्का न खोडता पाचवा हिस्सा बाजूला पडतो.

ही गोष्ट प्राचीनांना पूर्ण ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणाऱ्या पौतवाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. धान्याचे माप सुक्या, टणक लाकडाचे असावे आणि शीग मापाच्या चतुर्थांशाएवढी धरावी, किंवा मापाच्या आतच समाविष्ट असावी, असे तेथे सांगितले आहे. त्याने शिगेला 'शिखा' म्हटले आहे. आपला 'शीग' हा शब्द तिचाच वंशज दिसतो. याहून उद्बोधक गोष्ट द्रोण या मापाची. दोनशे पल माष, म्हणजे उडीद, मावतील तो राजाच्या भरण्याचा द्रोण. बाजारातील व्यवहाराचा द्रोण १८७.५ पलांचा, वाटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुराच्या वाटपाचा १६२.५ पलांचा. मापाची व्याख्या एका विशिष्ट धान्याच्या वजनाने केलेली आहे, ही त्या ग्रंथाची शास्त्रीय दृष्टी. आणि राज्याने घ्यावे मोठ्या द्रोणाने, द्यावे लहान द्रोणाने, ही त्याची राजनीती. घेण्याच्या आणि देण्याच्या द्रोणांतला फरक एक अष्टमांशाचा होता. तो फरक लेखी होता, एवढेच त्याचे समर्थन. पुढे शतकानुशतके जो फरक अलिखित राहिला, तो काठावरच्या शिगेत दडला.

दशमान पद्धतीने देशाला दिलेली सर्वांत मोठी देणगी, माझ्या मते, दहाने भागण्याची सोय ही नाही. धान्याचा व्यवहार मापाकडून वजनाकडे गेला, ही ती देणगी आहे. तराजूला शीग नसते. आज शिधावाटप दुकानात माणशी पाच किलो धान्य देताना काट्यावर आकडा दिसतो आणि तो दोन्ही बाजूंना दिसतो. २००९ च्या वैधमापन कायद्याने ही चौकट अधिक दृढ केली आहे.

तरीही मापाचे राज्य संपलेले नाही, ते स्वयंपाकघरात आहे. शाळेतील मध्यान्ह भोजनाचेच उदाहरण घेऊ. शासकीय योजनेत प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज शंभर ग्रॅम धान्य आणि वीस ग्रॅम डाळ, तर वरच्या प्राथमिक वर्गातील मुलाला दीडशे ग्रॅम धान्य आणि तीस ग्रॅम डाळ, असे प्रमाण आहे. प्राथमिकची दोनशे मुले असतील तर तांदूळ लागतो वीस किलो, म्हणजे पंचवीस लिटर. कोठारात पोती वजनाने येतात. पण रोज सकाळी काटा मांडायला वेळ नसतो, डब्याने माप घालतात. तो डबा पहिल्या दिवशी शीग लावून तोलला आणि पुढे रोज सपाट भरला, तर वीस किलोंऐवजी जेमतेम सव्वाअठरा किलो तांदूळ शिजतो. कोणी चोरी केलेली नसते. हिशोबाच्या वहीत वीस किलो लिहिलेले असते. मात्र जवळजवळ अठरा मुलांचा वाटा पातेल्यात पडलेलाच नसतो. रांगेच्या शेवटी उभ्या राहणाऱ्या मुलांना हे गणित पोटाने कळते. म्हणून मापाची काळजी ही गृहिणीची हौस किंवा शास्त्रज्ञाची चिकित्सा एवढ्यापुरती मर्यादित ठेवता येत नाही.

पालकहो, घरी करण्याजोगे काम आता सांगते. त्यासाठी एक साधा काटा आणि अर्धा तास पुरेसा आहे.

आपल्या घरात रोज वापरात असलेले एक माप निवडा. वाटी असो, पेला असो, की जुने पितळी मापटे असो. ते रिकामे तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला. दोन वजनांतला फरक जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर त्याचे माप, कारण एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. त्यानंतर ते भांडे पूर्ण कोरडे करा. त्यात तांदूळ न दाबता, न आपटता भरा, काठाबरोबर सपाट करा आणि तोला. असे तीन वेळा करून सरासरी घ्या. हेच गहू, ज्वारी, डाळी, रवा, साखर यांसाठी करा आणि एका कागदावर लिहून तो डब्यांच्या कपाटात आतून चिकटवा. हे काम मुलांकडून करवून घ्या. सरासरी, घनता, प्रमाण आणि टक्केवारी हे चारही धडे त्यात येतात. शिधा किंवा वाणसामान घरी आल्यावर ते वजनाला बरोबर आहे की नाही, हेही मग डब्यातील उंचीवरून कळू लागते : पाच किलो तांदळाने सव्वासहा लिटर जागा व्यापली पाहिजे.

ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत, त्यांना आणखी थोडे सांगते. कृतीतले सगळे कोरडे जिन्नस एकाच जातीच्या मापात असतील, चिपटे आणि मापटे, शेर आणि पायली, तर त्या गावची पायली किती मोठी होती हे ठाऊक नसले तरी अडत नाही. भाजणीत चार मापटी तांदूळ, दोन मापटी हरभऱ्याची डाळ आणि एक मापटे उडदाची डाळ लिहिली असेल, तर चार, दोन, एक हे प्रमाण कोणत्याही वाटीने तंतोतंत राखता येते. अशा कृतीचे आधी वाट्यांत रूपांतर करावे, आणि मगच प्रत्येक जिन्नस आपापल्या गुणकाने ग्रॅममध्ये न्यावा. वाट्यांची पायरी गाळून सगळ्यांना एकच गुणक लावला, तर प्रमाणच बदलते. कृतीत काही जिन्नस कैली आणि काही वजनी असतील, उदाहरणार्थ दोन शेर रवा आणि तीन पावशेर तूप, तर रवा येथे मापाचा की वजनाचा, हे आधी ठरवावे. घरात ती कृती करणारे कोणी वडीलधारे असेल, तर आजच विचारून समासात लिहून ठेवावे. चव सांगणारी पुष्कळ माणसे आहेत. माप सांगणारी आता थोडी उरली आहेत.

कोणी विचारील, काटा आहे तर माप हवेच कशाला? माझे उत्तर असे : घेताना आणि देताना वजन, शिजवताना माप. देवघेवीत न्याय हवा, तेथे हवेला वाव नको. शिजवताना मात्र दाणे आणि पाणी एकाच भांड्यात, एकमेकांशी प्रमाणात राहायचे असतात; तेथे एकाच वाटीने दोन्ही मोजणे सोपे आणि पुरेसे अचूक आहे. दोन्ही पद्धती खऱ्या आहेत. त्यांच्या हद्दी ओळखता आल्या पाहिजेत, आणि एका हद्दीतून दुसरीत जाताना त्या धान्याचा गुणक बरोबर नेला पाहिजे.

शेवटी आपल्या शाळेविषयी. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, असा प्रश्न आपल्याला सतत विचारला जातो. या विषयापुरते माझे उत्तर मी देऊ शकते. 'घनता' हा शब्द मला येथल्या वर्गात मिळाला आणि 'शीग' हा शब्द घरात. दोन्ही एकाच भाषेतले असल्यामुळे त्यांची भेट सहज झाली. पुस्तकातले विज्ञान आणि चुलीपुढचे ज्ञान यांच्यामध्ये भाषांतराची भिंत नव्हती. शेजारच्या मानिकेत मला माझा शेर दिसला, तोही यामुळेच. आजच्या विद्यार्थ्यांना आपण किलो आणि लिटर शिकवतोच. त्यांच्या जोडीने पायली, मापटे आणि चिपटे ही कोष्टकेही एखाद्या तासाला फळ्यावर यावीत, आणि त्याच तासाला वर्गात एक काटा आणि चार वाट्या धान्य यावे, एवढी विनंती मी शिक्षकवर्गाला करते. ज्या घरांत जुनी पितळी किंवा लाकडी मापे अजून असतील, त्यांनी ती शाळेच्या प्रयोगशाळेला काही दिवस द्यावीत. मुले ती पाण्याने मोजतील, धान्याने तोलतील, आणि प्रत्येक मापावर गावाचे नाव व मिलिलिटरचा आकडा लिहितील. हीरक महोत्सवाची ही एक नोंद आपल्या वह्यांतील पाककृतींना आणखी काही पिढ्या वाचण्याजोगे ठेवील.